बोललो तर राग मायवर निघेल

"ताई, मायले तिथं ठेवलं खरं, पण पाहणारं कोणी हाय का नाही तेच समजत नाही. अन् बोललो तं राग तिच्यावरच काढतीन." दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी भाऊंचं हे म्हणणं. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) आईला लकवा, घरी बायको एकटी, धाकटा भाऊ पुण्याला. म्हणून आई म्हाताऱ्यांच्या निवासी केंद्रात. वर गावात 'टाकून दिली' ही कुजबुज आहेच.

भेटायला कधी जाता, विचारलं. दर रविवारी दुपारी. त्या वेळी फरशी पुसलेली, चादर धुतलेली, मॅनेजर हजर. म्हटलं, एकदा मधल्या वारी रात्रीच्या जेवणानंतर जा. इमारत पाहू नका, मायची माकडहाडाजवळची कातडी आणि टाचा पाहा. लाल डाग बोटाने दाबूनही फिका पडत नसेल, किंवा सावळ्या अंगावर ती जागा गरम, टणक लागत असेल, तर बेडसोरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजा. ज्याला स्वतः हलता येत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा.

ते गेले. डाव्या टाचेवर डाग होताच. पाण्याचा पेला खिडकीत, मायचा चांगला हात पोचणार नाही असा. आणि वीस-बावीस म्हाताऱ्यांमागे रात्री एकच बाई, तीही सकाळपासून स्वयंपाकात राबलेली. कापूस वेचणी सुरू झाली, तिकडे मजुरी जास्त, म्हणून दोघी काम सोडून गेल्या होत्या.

भाऊंना त्या बाईवरच ओरडायचं होतं. मी अडवलं. एकटीने इतक्यांच्या कुशी बदलणं कोणालाच जमणार नाही, आणि राग निघण्याची भीती खरी ठरते ती अशाच भांडणातून. तक्रार माणसांच्या संख्येची आहे, ती व्यवस्थापनाकडे, लेखी. रात्री कोण, किती जण, कूस कधी बदलली याचा तक्ता खाटेपाशी लावा, एवढंच मागा. दाद नाही मिळाली तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

"माणसं मिळत नाहीत जी," व्यवस्थापकांचं पहिलं उत्तर. अर्धं खरंही आहे. पण मग खाटेवरचे रुग्ण घ्यायचेच कशाला? भाऊ अर्ज देऊन परत रात्रीचे गेले, पुन्हा गेले. शेवटी दुसरी बाई लागली. पुण्याचा भाऊ खर्चाला कुरकुरत होता. आईवडिलांना पोसणं मुलांवर बंधनकारक करणारा २००७ चा कायदा आहे आणि अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात चालतो, एवढं कानावर गेल्यावर त्याने पैसे पाठवले.

टाचेचा डाग गेला. माय मात्र 'घरी ने' म्हणतेच. तूर निघाली की दोन महिने आणायचं ठरलंय, आणि कूस कशी बदलायची ते सुनेला शिकवायला तीच रात्रपाळीची बाई तयार झाली आहे.