ध्रुवीय रात्रीच्या अंधारात प्रचंड हिमनगांचा माग उपग्रह कसा ठेवतात आणि त्यांची जाडी कशी मोजतात?

रडार उपग्रह स्वतःच सूक्ष्मलहरी सोडून त्यांचे परावर्तन टिपतो, त्यामुळे सूर्यप्रकाश नसला किंवा ढग दाटले असले तरी त्याचे काम थांबत नाही. 'सेंटिनेल-१' उपग्रहांच्या चित्रांत हिमनग बहुधा उजळ आणि शांत समुद्र काळा दिसतो. मात्र वाऱ्याने समुद्र खवळला, किंवा उन्हाळ्यात हिमनगाचा पृष्ठभाग वितळून ओला झाला, की हा फरक पुसट होतो. लागोपाठच्या चित्रांतील कडा जुळवून क्षेत्रफळ आणि वेग काढतात. जुलै २०१७ मध्ये अंटार्क्टिकाच्या लार्सन-सी या तरंगत्या हिमस्तरापासून तुटलेल्या, सुमारे ५,८०० चौरस किलोमीटरच्या ए-६८ या हिमनगाचा दक्षिण अटलांटिकमधील दक्षिण जॉर्जिया बेटाकडचा प्रवास असाच नोंदला गेला.

जाडीसाठी 'क्रायोसॅट-२' सारख्या उपग्रहावरील उंचीमापक रडार लागते. ते फक्त पाण्यावरचा भाग मोजते. बर्फाची घनता समुद्राच्या पाण्याहून थोडीच कमी असल्याने एकूण जाडी त्याच्या अनेक पट निघते. वरच्या सच्छिद्र हिमाच्या घनतेचा अंदाज चुकला, तर ती चूकही वाढत जाते, म्हणून मला हाच टप्पा सर्वांत नाजूक वाटतो. हिमनग उथळ समुद्रतळावर कुठे टेकेल, हे त्या जाडीवरच ठरते.