वडिलांची बायपास सांगितलीय, एस्टिमेट साडेचार लाख, मेडिक्लेम नाही. शेत विकू का?

दादा, शेताचा व्यवहार आत्ता थांबवा. अगदी हात जोडून सांगते. इसार घेतला असेल तरी पुढचं पाऊल टाकू नका, निदान दोन दिवस.

तुम्ही लिहिलंय की वडील ७२ वर्षांचे, गाव आटपाडी तालुक्यात, मिरजेत अँजिओग्राफी केल्यावर तीन ब्लॉक निघाले, डॉक्टर म्हणाले आठ-दहा दिवसात बायपास करून घ्या, खर्च साडेचार लाख, विमा कधी काढला नाही आणि गावातला एकजण महिना पाच टक्क्यानं पैसे द्यायला तयार आहे, नायतर रस्त्याकडचा अर्धा एकर मागतोय. आता हिशोब बघा, साडेचार लाखाला महिना पाच टक्के म्हणजे महिन्याला २२,५०० नुसतं व्याज, वर्षाला २,७०,००० आणि मुद्दल आहे तिथंच. डाळिंबाचा एक बहार तेल्या रोगानं गेला की तो अर्धा एकर पण जाणार आणि कर्ज पण राहणार. आमच्या भावकीत एका घराचं असंच झालंय, डोळ्यानं बघितलंय म्हणून एवढ्या तळमळीनं लिहितेय.

तुमच्याकडं दोन गोष्टी आहेत ज्या आमच्याकडं नव्हत्या, आठ दिवसाचा वेळ आणि वडिलांचं वय.

आधी आमचं काय झालं ते सांगते, म्हणजे मी काय म्हणतेय ते कळंल. आम्ही तासगावकडचे, द्राक्ष-बेदाणावाले. नोव्हेंबर २०१९, त्या वर्षी अवकाळीनं बागा धुवून नेल्या होत्या, घरात पैसा म्हणून काय नव्हता, थोडा बेदाणा तेवढा कोल्ड स्टोरेजला होता. रात्री दोनला सासऱ्यांच्या (आम्ही मामा म्हणतो) छातीत कळ आली, दरदरून घाम, शेजाऱ्याच्या गाडीत घालून मिरजेला नेलं आणि जो दवाखाना ड्रायव्हरला माहीत होता त्याच्या दारात उतरलो. काउंटरवर म्हणाले ५०,००० डिपॉझिट. मिस्टरांनी फोनाफोनी करून पहाटे चारपर्यंत भरले. रेशनकार्ड आहे का हे आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आम्ही पण विचारलं नाही की इथं सरकारी आरोग्य योजना आहे का. एक स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवायची जाळी) टाकला, मामा वाचले, त्या डॉक्टरांच्या हाताला यश होतं ते मी कधीच नाकारणार नाही. पण पाचव्या दिवशी बिल आलं २,८७,००० चं. बेदाणा पडत्या भावात सौद्याला काढला, माझ्या पाटल्या सोनेतारणला गेल्या, भिशी मोडली, तरी कमी पडले ते नणंदेनं दिले.

आणि डिस्चार्जच्या सकाळी खाली चहाच्या गाड्यावर जत तालुक्यातली एक बाई भेटली, तिच्या भावाला पण अटॅकच, एक स्टेंट, दोन गल्ल्या पलीकडच्या हॉस्पिटलमध्ये. मी विचारलं किती आलं बिल. म्हणाली, योजनेतनं झालं की, काय नाही आलं. कुठली योजना म्हटलं तर म्हणाली केशरी कार्डावर होतंय. आमचं पण केशरीच कार्ड होतं. घरात पिठाच्या डब्यावर प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं, कित्येक महिन्यात कुणी उघडलंही नव्हतं. मी तशीच पळत काउंटरला गेले तर म्हणाले हे हॉस्पिटल योजनेत नाही, आणि उपचार होऊन गेल्यावर मागनं काय होत नसतंय. तिथल्या जिन्यात बसून मी जी रडले ती मला अजून आठवतेय.

म्हणून एकच सांगते, पैशाच्या मागं पळायच्या आधी कागदाच्या मागं पळा. या सगळ्या मदती ऑपरेशनच्या आधी किंवा उपचार चालू असतानाच मिळतात, बिल भरून टाकल्यावर पावती घेऊन फिरलं तर कोण विचारत नाही.

आता तुमचं. वडील ७० च्या वर आहेत ना, मग आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, रेशनकार्ड पिवळं असो की पांढरं, वर्षाला ५ लाखापर्यंतचे उपचार केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत योजनेतल्या हॉस्पिटलात मोफत आहेत. वय आधारवरचं धरतात, त्यामुळं आधार नीट बघा. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आणि साल अंदाजे टाकलेलं असतं, खरं वय ७२ आणि आधारवर ६८ असंही निघतं. आयुष्मान ॲपवरनं किंवा गावातल्या सेवा केंद्रातनं, नायतर योजनेतल्या हॉस्पिटलमध्येच निघतं कार्ड, आधारला लिंक असलेला मोबाईल मात्र जवळ ठेवा, ओटीपी येतो.

आधारवर वय कमी निघालं तरी धीर सोडू नका. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहेच, पूर्वीची राजीव गांधी जीवनदायी म्हणायचे ती, २०१२ ला सुरू झालेली. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाखच होते आणि ठराविक कार्डांनाच, आता ५ लाख आहेत आणि १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डवाल्यांना पण मिळते. बायपास यात आहे, स्टेंट आहे, कॅन्सरची किमो-रेडिएशन आहे, डायलिसिस आहे. लागतं काय तर रेशनकार्ड आणि आधार. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्र म्हणून माणूस बसलेला असतो, बहुतेक ओपीडीच्या जवळ काउंटर असतं, त्याला गाठा. सापडत नसेल तर १५५३८८ ला फोन लावा, टोल फ्री आहे, त्यांना सरळ विचारा की सांगली-मिरजेत बायपाससाठी योजनेत कुठलं कुठलं हॉस्पिटल आहे. नुसतं हॉस्पिटल योजनेत असून चालत नाही, बायपाससाठी आहे का ते विचारा, कारण काही ठिकाणी हाडाचं योजनेतनं होतं आणि हार्टचं होत नाही. तुम्ही आता जिथं दाखवलंय ते नसेल तर फाईल आणि अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या, आपली आहे ती, आणि दुसरीकडं दाखवा. पण हलवायच्या आधी आत्ताच्या डॉक्टरांना विचारा की वडिलांना गाडीत बसवून नेलं तर चालेल का आणि किती दिवस थांबता येईल, हे न विचारता कुठं हलवू नका.

कागदात एक गोष्ट अडते ती म्हणजे नाव. २०२३ ला माझ्या आईला छातीत गाठ निघाली (माहेर कवठे महांकाळकडचं), तेव्हा मी पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राकडं जाऊन उभी राहिले. तर रेशनकार्डावर आईचं घरातलं नाव आणि आधारवर लग्नातलं नाव, आणि वर कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबरच निघालेला नाही. भाऊ तहसीलला पुरवठा विभागात दोन दिवस बसून राहिला तेव्हा कुठं झालं. त्या दोन दिवसात आमच्या डोळ्याला डोळा लागला नाही, गाठ वाढतेय का काय म्हणून. पण मंजुरी आली आणि ऑपरेशन, किमो, रेडिएशन सगळं योजनेतनं झालं. आमच्या खिशातनं गेले ते मंजुरीच्या आधीच्या तपासण्यांचे, येण्याजाण्याचे आणि माझ्या राहण्याचे, तीसेक हजार. योजनेतल्या पेशंटकडनं औषधाचे, सामानाचे वेगळे पैसे मागायचे नसतात, ॲडमिट असेपर्यंत जेवण पण त्यातच आणि डिस्चार्जनंतर दहा दिवसाची औषधं पण. कुणी मागितले तर पावती मागा आणि त्याच १५५३८८ वर तक्रार नोंदवा. मी एकदा नोंदवलीय, घेतलेले १,८०० परत मिळाले.

समजा काही कारणानं योजनेत बसलंच नाही, तर धर्मादाय हॉस्पिटल बघा. ट्रस्टच्या मोठ्या दवाखान्यांना कायद्यानंच १० टक्के खाटा निर्धन पेशंटला मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकाला सवलतीत ठेवाव्या लागतात, २००६ च्या मुंबई हायकोर्टाच्या आदेशापासून ही स्कीम आहे. वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल घटक. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, त्याचा अर्ज लगेच करून ठेवा कारण तो अशा मदतींना लागतो. हॉस्पिटलातल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटायचं, खाटा भरल्यात म्हणाले तर सांगलीत धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे तिथं लेखी द्यायचं. मुख्यमंत्री सहाय्यता निधी पण आहे, त्याला उत्पन्न १,६०,००० च्या आत लागतं, डॉक्टरांचं खर्चाचं पत्र लागतं आणि पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यावर जातात. त्यातनं पूर्ण बिल निघत नाही पण हातभार लागतो.

आणि समजा शेवटी पैसे भरूनच करायची वेळ आली, तर जनरल वॉर्ड घ्या. बऱ्याच खाजगी दवाखान्यात रूमचा दर्जा वाढला की नुसतं रूमचं भाडं वाढत नाही, सर्जनची फी, व्हिजिट, तपासण्या सगळंच त्या हिशोबानं वाढतं. हे आम्हाला माहीत नव्हतं, मामांना जरा निवांत पडू दे म्हणून सेमी-स्पेशल घेतली होती. बिल एका ओळीत घेऊ नका, आयटमवार मागा, तो तुमचा हक्क आहे. आम्ही मागितलं तेव्हा त्यात वापरलेली नसलेली इंजेक्शनं पण निघाली. मामांच्या खाटेशेजारच्या कप्प्यात सीलबंद इंजेक्शनं, सलाईनचे सेट, ग्लोव्हजची पाकिटं अशी पिशवीभर औषधं पडलेली, ती तशीच उचलून मेडिकलला नेली आणि बिलाबरोबर जुळवून परत केली तर ६,३४० रुपये कमी झाले. आणि कधी स्टेंट टाकायची वेळ आली तर पाकिटावरचा स्टिकर आणि किंमत बघा, फेब्रुवारी २०१७ पासून सरकारनं स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातलीय.

कर्ज काढायचंच झालं तर सोनेतारण नायतर सोसायटी-बँक बघा, घरातलं सोनं गेलं म्हणून वाईट वाटतं, मला पण वाटलं, पण बँकेचं व्याज महिना टक्क्याच्या आसपास राहतं, पाच टक्क्याच्या सावकाराला जमीन लिहून देण्यापेक्षा ते कितीतरी बरं. तो सावकार परवानावाला नसेल तर २०१४ च्या सावकारी कायद्यानं तो गुन्हा आहे, तालुक्याच्या सहायक निबंधकांकडं तक्रार करता येते. माझ्या पाटल्या सोडवायला आम्हाला चौदा महिने लागले पण सुटल्या, जमीन एकदा दुसऱ्याच्या नावावर गेली की चौदा वर्षांत पण सुटत नाही.

वडिलांच्या समोर पैशाचं बोलू नका एवढं माझं ऐका. मामांनी शेजारच्या खाटेवरच्याला बिल किती झालं असं विचारलं आणि त्या रात्री मिस्टरांना म्हणाले मला घरी ने, मी बरा आहे. बीपी वर गेला होता त्यांचा.

उद्या सोमवार आहे. सकाळी लवकर १५५३८८ ला फोन करून हॉस्पिटलची नावं लिहून घ्या, मग वडिलांचं आधार, रेशनकार्ड, दोन्हीच्या चार-चार झेरॉक्स आणि अँजिओग्राफीचा रिपोर्ट घेऊन आरोग्यमित्राकडं जा. रेशनकार्डाचा बारा अंकी नंबर नसेल तर एका भावाला त्याच वेळी आटपाडी तहसीलला पाठवा, तुम्ही एकटे दोन्हीकडं पळू नका.