ताटातून अजून काय काढू, असं विचारणाऱ्या मुलीला

प्रिय मुली,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला तेव्हा मी जागीच होते. वजनकाट्याचा फोटो आणि खाली एक ओळ: ‘काकू, 18 दिवस झाले, काटा 91 वरून हलत नाही. आता अजून काय बंद करू?’ त्याखाली तू आधीच बंद केलेल्या गोष्टी. भात, पोळी, भाकरी, बटाटा, सगळी फळं, दूध, तेल-तूप. आणि शेवटी डाळ, कारण ‘डाळीतही कार्ब्ज असतात’. पाच महिन्यांपूर्वी स्लीव्ह, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर कापून लहान करण्याचं ऑपरेशन, झालेल्या पोरीनं डाळ सोडली, हे वाचून मला झोप लागली नाही. म्हणून फोनवर दोन ओळी न टाकता सविस्तर लिहितेय.

ऑपरेशनच्या आधी आपण दोघींनीही पुष्कळ डाएट केली. तेव्हा ताट मोठं होतं, त्यातून चार पदार्थ काढले तरी अंग चालायला पुरेसं उरायचं. आता तुझ्या जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढलेला आहे. भूक जागवणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः त्याच भागात तयार होतं, म्हणून भूकही पूर्वीसारखी लागत नाही. कमी खाण्याची सोय सर्जननं करून दिली आहे. तुझं काम आता उलटं आहे. वाटीभर जागेत शरीराला लागणारं सगळं बसवायचं. त्या वाटीतूनही तू काढायला लागलीस, तर उरणार काय?

काटा थांबलाय म्हणजे चरबी घटायची थांबली असं धरू नकोस. वजनात पाणी असतं, पाळीच्या आसपास ते वाढतं, बद्धकोष्ठ झालं तरी काटा अडतो. स्लीव्हनंतर वजन साधारण वर्ष-दीड वर्ष उतरत राहतं, पण जिना उतरावा तसं, मध्ये पायरीवर थांबत थांबत. कंबर मोजतेस का? ड्रेस सैल होतोय का? ते मला सांगितलं नाहीस.

आणि तू दिवसाला प्रोटीन किती घेतेस? आपल्यासारख्यांना साधारण 60 ते 80 ग्रॅम लागतं. तुझ्या यादीतून जे उरलं, काकडी, सूप, ब्लॅक कॉफी आणि एक अंडं, त्यात 10 ग्रॅमही होत नाही. प्रोटीन मिळालं नाही की शरीर स्नायू मोडून खातं. नुसतं बसल्या जागीही स्नायू बरीच ऊर्जा जाळतात. ते गेले की पुढचं वजन उतरणं आणखी जड होतं. मागे तू कंगव्यातल्या केसांच्या गुंत्याचा फोटो पाठवला होतास. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून केस गळतात, तो ऑपरेशनचा आणि झपाट्यानं उतरलेल्या वजनाचा ताण असतो आणि ते परत येतात. पण पोटात प्रोटीन आणि लोह नसेल तर ती गळती लांबते.

आता माझी चूक सांगते. माझी बायपास 2013 सालची, हृदयाची नव्हे, वजनासाठीची, जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला जोडतात ती. दुसऱ्या वर्षी मीही धान्य बंद केलं. वहीत रोज लिहायचे, ‘पोळी नाही, भात नाही’, आणि ते खरंही होतं. पण दुपारी चारच्या चहाबरोबर मूठभर चिवडा, सहाला दोन बिस्किटं, रात्री टीव्हीसमोर थोडी शेव. हे वहीत येत नव्हतं, कारण ते माझ्या लेखी जेवण नव्हतं. कुरकुरीत पदार्थ तोंडातच विरघळतो आणि सरकन खाली उतरतो. पोट भरल्याची खूण मिळतच नाही. उसळीची अर्धी वाटी संपवताना मला 20 मिनिटं लागायची, चिवड्याची वाटी मात्र कधी संपली ते कळायचंही नाही. वर्षभरात 9 किलो परत आले. मी पोळी सोडली होती आणि दिवसभर चरत होते.

तेव्हा सोडायचंच असेल तर हे सोड. पहिलं, पिऊन जाणारी साखर: उसाचा रस, पॅकबंद ज्यूस, मिल्कशेक, कोल्ड्रिंक, दिवसातून चारदा साखरेचा चहा. पातळ पदार्थाला लहान पोट अडवत नाही, ते वाहून जातं. फसफसणारी पेयं तर साखर नसली तरी नकोत, गॅसनं जीव कासावीस होतो. दुसरं, फरसाण-बिस्किटं. तिसरं, गोडधोड. ऑफिसच्या पार्टीत ग्लास हातात घेऊ नकोस, पहिल्या वर्षात तर अजिबातच नको. आपल्याला दारू लवकर आणि जास्त चढते, आणि जेवणाची सोबत सुटल्यावर काहींना तिची सवय जडते, हे मी ऑपरेशन झालेल्यांच्या आमच्या गटात जवळून पाहिलं आहे. माझी यादी एवढीच आहे.

गोडाबद्दल एक सांगतेच. भाचीच्या लग्नात आग्रह झाला म्हणून मी बासुंदीची छोटी वाटी घेतली. पंगतीतून उठून हात धुवेपर्यंत छाती धडधडायला लागली, पाठीवरून घामाच्या धारा, पोटात मुरडा. कार्यालयाच्या मागच्या पायरीवर भरजरी साडीत मी अर्धा तास बसून होते, बहीण पदरानं वारा घालत होती. याला डम्पिंग म्हणतात. साखर एकदम आतड्यात उतरते आणि शरीर गडबडून जातं. कधी दोन-तीन तासांनी रक्तातली साखर घसरून हातपाय कापायला लागतात. बायपासवाल्यांना हे जास्त होतं, पण स्लीव्हवाल्यांनाही होऊ शकतं. डिसेंबरात तुझा साखरपुडा आहे. पेढा ओठाला लावून बाजूला ठेवलास तरी चालतं, घरच्यांना आधी सांगून ठेव.

पोळी-भाताचं म्हणशील तर त्यांच्याशी वैर धरू नकोस, त्यांचा नंबर फक्त शेवटी लाव. आधी उसळ, अंडं, पनीर, मासा, दही. मग शिजवलेली भाजी. जागा उरली तर भाकरीचा चतकोर. ताजा पाव आणि मऊ पोळीचा लगदा होऊन तो घशाखाली अडकतो, म्हणून सध्या थोडा कडक फुलका नाहीतर आमटीत भिजवलेली भाकरी बघ. कोरडं चिकनही अडकतं, ते रश्श्यातलं घे. जेवताना पाणी नको, जेवणानंतर अर्ध्या तासानं घोट घोट सुरू कर, आणि दिवसभरात दीड लिटर तरी पोटात जाऊ दे.

डाळ आजच परत सुरू कर. दोन अंड्यांत 12 ग्रॅम, 50 ग्रॅम पनीरमध्ये 9, मोड आलेल्या मटकीच्या घट्ट उसळीच्या वाटीत 6-7, त्यात डाएटिशियननं दिलेली प्रोटीन पावडर एकदा. हिशेब जुळायला लागतो बघ. तेलाचा चमचाही परत आण. काही जीवनसत्त्वं चरबीशिवाय शोषली जात नाहीत.

ग्रुपवर कुणीतरी पाठवलेलं ते ‘पाच दिवस फक्त पातळ घ्या, पोट परत लहान होतं’ हेही करू नकोस. पोट त्यानं लहान होत नाही. दोन-तीन किलो जे उतरतात त्यात बरंचसं पाणी असतं, कारण शरीरात साठवलेल्या साखरेबरोबर पाणीही बांधलेलं असतं. सहाव्या दिवशी जेवलीस की ते परत येतं आणि तू पुन्हा स्वतःला दोष देत बसतेस.

श्रावणातले उपास यंदा धरू नकोस. आईशी मी बोलते. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, प्रोटीन नावालाही नाही, आणि आपल्या पोटात खिचडीचा गोळा होऊन बसतो. देवाला तुझं अशक्त होणं नको आहे, असं मी मनापासून मानते.

गोळ्या घेतेस ना? लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नकोस, मध्ये दोन तास जाऊ देत, आणि लोहाच्या गोळीवर चहा नको. मी सगळ्या गोळ्या सकाळच्या चहाबरोबर एकदम गिळायचे. हिमोग्लोबिन 8.4 वर आलं तेव्हा डोळे उघडले. जिना चढताना मी मध्येच कठडा धरून उभी राहायचे आणि वाटायचं, वय झालं. पुढच्या आठवड्यात रक्त तपासून घे: हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी12, डी जीवनसत्त्व, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन). जीवनसत्त्वं-खनिजांच्या या गोळ्या बंद करून चालणार नाही, त्या आयुष्यभराच्या आहेत.

एक गोष्ट मात्र थांबून बघण्यातली नाही. वारंवार उलट्या व्हायला लागल्या, अन्न टिकेनासं झालं, तर त्याच दिवशी सर्जनला फोन कर. बी1 जीवनसत्त्व काही आठवड्यांतच संपतं, आणि त्याच्या कमतरतेनं डोळ्यांपुढे दोन दोन दिसणं, तोल जाणं, गोंधळल्यासारखं होणं इथपर्यंत जाऊ शकतं. उशीर झाला तर त्यातलं सगळं भरून येत नाही.

आणि साखरपुड्याचा विषय निघालाच आहे म्हणून काकूच्या हक्कानं सांगते. वजन उतरलं की पाळी नियमित होते, दिवस लवकर राहू शकतात. ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष गर्भ राहू देऊ नये असं डॉक्टर सांगतात. होणाऱ्या नवऱ्याशी हे आधीच बोल. लाजू नकोस. त्या बाळालाही तुझ्या अंगातलंच लोह आणि फोलेट लागणार आहे.

उद्यापासून सात दिवस वजनकाटा कपाटाच्या वर ठेव. वहीत फक्त दोन आकडे लिही: प्रोटीन किती ग्रॅम, पाणी किती ग्लास. मधलं चरणं झालं तर तेही लिही, मी रागावणार नाही. रविवारी ती वही घेऊन दुपारी ये. शुक्रवारी मटकी भिजत घालते, तोवर तिला चांगले मोड येतील.

तुझी
काकू