पत्रोत्तर : ड्रोनचा कोर्स आधी की मोजणीचे शिक्षण?

दारव्हा तालुक्यातील एका शेतकरी पालकांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी बारावी विज्ञान शाखेत शिकते. त्यांच्या गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली तेव्हा घरांच्या हद्दींवर चुना टाकणाऱ्या माणसांबरोबर ती दिवसभर फिरली आणि तेव्हापासून तिला उपग्रह व नकाशे यांखेरीज दुसरे काही सुचत नाही. शहरातील एक खासगी संस्था ‘ड्रोन व उपग्रह मॅपिंग’ असा सहा महिन्यांचा कोर्स सव्वा लाख रुपयांत देते आणि नोकरीची हमीही देते. पालकांनी पाच हजार रुपये भरून जागा धरून ठेवली आहे. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की उन्हातान्हात फिरण्याची ही कामे मुलींची नव्हेत, तिने डी. एड. करावे. चार एकर कोरडवाहू वावर असलेल्या माणसाने हे पैसे द्यावेत काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

उत्तर आधीच सांगून टाकतो. उरलेले एक लाख वीस हजार रुपये आपण तूर्त देऊ नयेत. मुलीला या क्षेत्रात जाऊ मात्र जरूर द्यावे. तिची आवड वरवरची नाही, असे मला आपल्या पत्रातील चुन्याच्या उल्लेखावरूनच वाटले.

गावठाणावर ड्रोन उडवण्यापूर्वी चुना का टाकावा लागतो, हे पाहण्यासारखे आहे. वरून घेतलेल्या छायाचित्रात छपरे, अंगणे, रस्ते सारे दिसते, परंतु दोन भावांच्या घरांमधील सांदी कोणाची आणि ओट्याची हद्द कुठवर, हे कोणत्याही कॅमेऱ्याला कळत नाही. म्हणून गावकऱ्यांसमक्ष हद्द ठरवून तिच्यावर चुन्याची रेघ मारतात, आणि मग ती रेघ छायाचित्रात पांढरी उमटते. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावोगावी जी मालमत्ता पत्रके तयार झाली, त्यांचा पाया असा जमिनीवर घातलेला आहे. आपल्या मुलीने त्या दिवशी केलेले काम हा या विद्येतील सर्वांत कमी चकचकीत आणि सर्वांत महत्त्वाचा भाग होता. आकाशातून घेतलेले चित्र जमिनीवरील मोजमापाइतकेच खरे असते. सहा महिन्यांच्या कोर्सबद्दलची माझी हरकत याच मुद्द्यापाशी येऊन थांबते, कारण तिथे यंत्र चालवायला शिकवतील, मोजायला शिकवतीलच असे नाही.

ज्याला आपण सुदूर संवेदन (रिमोट सेन्सिंग), म्हणजे दुरून चित्रे टिपून जमिनीची माहिती काढण्याची विद्या म्हणतो, त्यात ‘उपग्रहाचे चित्र’ अशी एकच वस्तू नसते. प्रत्येक चित्र ठिपक्यांचे बनलेले असते आणि एक ठिपका जमिनीचा किती तुकडा व्यापतो यावर त्या चित्राचा उपयोग ठरतो. आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहांवरील लिस-३ या कॅमेऱ्याचा ठिपका सुमारे साडेतेवीस मीटर लांबी-रुंदीचा, म्हणजे साडेपाच गुंठ्यांचा असतो. आपल्या एका एकरात असे जेमतेम सात ठिपके बसतात. संपूर्ण जिल्ह्यात कपाशी किती आणि सोयाबीन किती याचा अंदाज घ्यायला हे चित्र उत्तम आहे, परंतु आपल्या धुऱ्याचा वाद त्यावरून सुटणार नाही. त्याच उपग्रहावरील लिस-४ कॅमेऱ्याचा ठिपका ५.८ मीटरचा असतो. गाडरस्ता त्यात अंधूक रेघेसारखा दिसू शकेल, पण दोन्ही बाजूंनी अतिक्रमण होऊन बारा फुटांवर आलेली पांदण त्याच्या एका ठिपक्यापेक्षाही अरुंद भरते. २७ नोव्हेंबर २०१९ रोजी सोडलेल्या कार्टोसॅट-३ चा ठिपका ३० सेंटिमीटरपेक्षाही लहान असतो. त्यात पांदणीत उभी असलेली बैलगाडी ओळखता येईल. ड्रोनने पाच सेंटिमीटरचा ठिपका घेतला तर एका एकराचे सोळा लाख ठिपके होतात. हा हिशेब मुलीने स्वतः मांडून पाहावा. कोणत्या कामाला कोणते चित्र पुरे, हे ज्याला ठरवता येते तो या क्षेत्रात टिकतो. बारीक चित्र महाग पडते, ते साठवायला आणि तपासायला वेळ लागतो, आणि सरसकट सगळीकडे ते मागवणारा माणूस कार्यालयाचे पैसे बुडवतो.

रस्ते आणि रेल्वे यांच्या आखणीत हा विषय आणखी खोल जातो, कारण तिथे लांबी-रुंदीइतकीच उंचीही लागते. ५ मे २००५ रोजी सोडलेल्या कार्टोसॅट-१ वर दोन कॅमेरे होते, एक थोडा पुढे आणि एक थोडा मागे कललेला. आपल्या दोन डोळ्यांमुळे जशी अंतराची जाणीव होते, तशी त्या दोन चित्रांवरून जमिनीची उंचसखल घडण काढता येते. त्याहून बारीक काम हवे असेल तर विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून लायडार वापरतात. या यंत्रातून दर सेकंदाला लक्षावधी लेझर किरणांचे ठोके जमिनीकडे सुटतात आणि प्रत्येक ठोका परत यायला किती वेळ लागला यावरून उंची निघते. प्रकाश एका नॅनोसेकंदात तीस सेंटिमीटर जातो. तो जाऊन परत येत असल्यामुळे वेळ मोजण्यात एका नॅनोसेकंदाची चूक झाली तरी उंचीत पंधरा सेंटिमीटरचा फरक पडतो. बाभळीच्या आणि सागाच्या पानांमधील फटींतून काही ठोके खालच्या मातीपर्यंत पोचतात, त्यामुळे झाडोऱ्याखालची जमीनही सापडते. मुंबई–अहमदाबाद वेगवान रेल्वेमार्गासाठी हे सर्वेक्षण सुमारे बारा आठवड्यांत झाले; जुन्या पद्धतीने त्याला दहा ते बारा महिने लागले असते. प्रस्तावित मुंबई–नागपूर मार्गासाठीही २०२१ मध्ये विमानातून असेच सर्वेक्षण हाती घेतले गेले.

आपल्याकडच्या काळ्या जमिनीचा प्रश्न आणखी वेगळा आहे. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी ही माती तिच्यावरच्या डांबरी रस्त्याला सुखाने राहू देत नाही, हे आपणास मी सांगायला नको. अशी हालचाल टिपायला रडार उपग्रह उपयोगी पडतात. ते स्वतःच्या लहरी खाली पाठवतात, त्यामुळे आषाढ-श्रावणातल्या ढगांचा किंवा रात्रीचा त्यांना अडथळा होत नाही. इस्रो आणि नासा यांनी मिळून बनवलेला निसार हा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडला गेला. तो दर बारा दिवसांनी त्याच मार्गावरून जातो आणि दोन फेऱ्यांमधील लहरींची तुलना केली असता, परिस्थिती अनुकूल असेल तर, जमीन किंवा बांधकाम काही सेंटिमीटर सरकले असले तरी कळू शकते. वणी आणि चंद्रपूरकडील कोळसा खाणींच्या परिसरात, जिथे भुयारी खाणींवरची जमीन खचण्याची भीती असते, तिथे अशा अभ्यासाला खूप वाव आहे.

आता त्या ‘जमिनीवरील मोजमापा’चा एक प्रसंग सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी रस्त्यांच्या सर्वेक्षणात आहे. ड्रोनची चित्रे जागेवर नेमकी बसवण्यासाठी काही खुणा जमिनीवर रंगवतात आणि प्रत्येक खुणेवर तिपाई लावून उपग्रहांच्या संकेतांवरून तिचे स्थान मोजतात. एका खुणेसाठी त्याने पुलाच्या पक्क्या कठड्याऐवजी जवळची वावरातली जागा निवडली. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. मोजणी चालू असताना तिपाईचा एक पाय काळ्या मातीत हळूहळू रुतत गेला, ते कोणाच्या लक्षात आले नाही. संगणकावर सगळे सुबक दिसत होते. फक्त लागून असलेल्या दोन तुकड्यांत रस्ता एकमेकांशी जुळेना. शेवटी त्याला पुन्हा त्या जागी जावे लागले, आणि या वेळी त्याने कठड्यावर खूण केली. माती कधी रुतते हे शेतकऱ्याच्या मुलीला वेगळे शिकवावे लागत नाही, एवढेच मला यातून सांगायचे आहे.

थोडे विषयांतर करतो. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये दक्षिणेत सुरू केलेली भारताची महान त्रिकोणमितीय मोजणी उत्तरेकडे सरकत सरकत आपल्या वऱ्हाड-नागपूरच्या सीमेवर आली, आणि २० जानेवारी १८२३ रोजी काम चालू असतानाच त्यांचा मृत्यू झाला तो वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे. सुमारे अर्धा टन वजनाचे कोनमापक यंत्र घेऊन ते इथवर पोचले होते. एव्हरेस्ट शिखराला ज्यांचे नाव मिळाले, त्या जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पुढे हेच काम चालवले. मुलीला कधी हिंगणघाटला नेता आले तर न्यावे.

शिक्षणाकडे वळतो. ‘रिमोट सेन्सिंग’ या नावाचीच पदवी बारावीनंतर लगेच मिळाली पाहिजे, असा हट्ट धरू नये. हा विषय मूळ शिक्षणावर कलम केल्यासारखा वाढतो. मुलीचे गणित चांगले असेल तर माझी पहिली पसंती स्थापत्य अभियांत्रिकीला आहे. त्यात सर्वेक्षण हा मुख्य विषय असतो, रस्ते आणि वाहतूक शिकवली जाते, आणि या क्षेत्रात जागा मिळायला वेळ लागला तरी हाती दुसरे काम राहते. सीईटीत गुण कमी पडले तर बारावी विज्ञानानंतर पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो. अभियांत्रिकी नकोच असेल तर गणित, भूगोल किंवा भूशास्त्र घेऊन बी. एस्सी. करावे आणि मग जिओइन्फर्मेटिक्सचे, म्हणजे संगणकावर नकाशे आणि जमिनीची माहिती हाताळण्याच्या शास्त्राचे, पदव्युत्तर शिक्षण घ्यावे. डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेत आणि मुंबईच्या आयआयटीत या विषयाचे वरचे अभ्यासक्रम आहेत. अभियांत्रिकीवाल्यांसाठी पदव्युत्तर प्रवेशाच्या गेट परीक्षेत २०२२ पासून जिओमॅटिक्सची, म्हणजे मोजणी व नकाशाशास्त्राची, स्वतंत्र प्रश्नपत्रिकाही आली आहे. आर्थिक ओढाताण फारच असेल तर आयटीआयमधील दोन वर्षांचा सर्वेक्षकाचा ट्रेडही कमी लेखू नये, कारण भूमी अभिलेख खात्यातील भूकरमापकाच्या भरतीला स्थापत्य पदविकेप्रमाणेच तोही चालत आला आहे. आज तिथे मोजणीच्या साखळीच्या जागी उपग्रहांच्या संकेतांवरून जागा मोजणारा रोव्हर आला आहे आणि तो हाताळणारी माणसे हवी आहेत.

फी ही आपली मोठी चिंता असणार. २०२४-२५ पासून राज्य शासनाने, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. उत्पन्नाचा दाखला आणि लागू असल्यास जातीची कागदपत्रे तहसील कार्यालयातून आत्ताच काढून ठेवावीत; जूनमध्ये तिथे रांग असते. ज्या शिक्षणाची फी माफ होऊ शकते ते सोडून सव्वा लाखाचे प्रमाणपत्र घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

ड्रोनचा परवाना निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार अठरा वर्षे पूर्ण झालेली आणि दहावी उत्तीर्ण व्यक्ती नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थेत प्रशिक्षण घेऊन रिमोट पायलट होऊ शकते. म्हणजे ही पात्रता तिला पदवीच्या तिसऱ्या वर्षीही, कमी खर्चात आणि काही दिवसांत मिळवता येईल. ड्रोन उडवणारे हात पुष्कळ होत चालले आहेत. उडवून आणलेल्या चित्रांतील चूक शोधणारे डोळे थोडे आहेत.

घरच्यांच्या आक्षेपाला मी सौम्य उत्तर देणार नाही आणि खोटेही सांगणार नाही. या कामाचा बराचसा भाग संगणकासमोर बसून होतो, परंतु सुरुवातीची काही वर्षे आडगावी जाणे, विश्रामगृहावर मुक्काम आणि मे महिन्यातले ऊन हे सारे येते. आपल्या घरातील स्त्रिया त्याच उन्हात कापूस वेचतात आणि निंदण करतात, तेव्हा मात्र ही कामे बायकांची नव्हेत असे कोणी म्हणत नाही. नोकरीच्या जागाही फार लांब नाहीत: महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ पासून नागपुरात आहे, इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचे मध्य विभागीय केंद्रही नागपुरातच आहे आणि मुख्य केंद्र हैदराबादला. मात्र तिथल्या अनेक जागा प्रकल्पापुरत्या, कंत्राटी असतात; पक्क्या नोकरीची वाट पाहण्याची तयारी हवी.

परीक्षा संपल्यावर तिने एवढे करावे. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर आपले वावर शोधावे. क्यूजीआयएस हे नकाशे हाताळणारे, फुकट मिळणारे सॉफ्टवेअर तालुक्याच्या एखाद्या संगणकावर घालून घ्यावे, आणि गावापासून वावरापर्यंतची पांदण मोबाइल घेऊन चालत नोंदवावी. मग मोबाइलची ही नोंद आणि उपग्रहाचे चित्र एकावर एक ठेवून पाहावे. मोबाइलची रेघ काही मीटर इकडेतिकडे जाईल आणि झाडांखाली तर वेडीवाकडी होईल. ती का गेली, हे शोधताना तिला कंटाळा आला नाही तर हे क्षेत्र तिचे आहे. डेहराडूनच्या संस्थेचे विनामूल्य ऑनलाइन वर्गही याच काळात करता येतील.

राहिले पाच हजार. पावती असेल तर तिची प्रत जोडून, प्रवेश घ्यायचा नाही आणि रक्कम परत मिळावी, असे संस्थेला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. नोकरीची हमी कोणत्या पदाची, किती पगाराची आणि न मिळाल्यास फी परत करणार काय, हेही त्याच अर्जात विचारावे. फोनवर गोड बोलून ‘आता हप्त्याने द्या’ असे म्हणतील, तेव्हा उत्तर कागदावरच मागावे. रक्कम परत मिळाली नाही, तरी पाच हजारांच्या पायी एक लाख वीस हजार घालू नयेत.

आपला,
करिअर मार्गदर्शक