होडीच्या लिफ्टची वायर का तुटली?

रबाळ्याच्या एमआयडीसीत माझे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. खाडीकाठच्या घरांना होडी उचलायच्या लिफ्ट बसवायच्या आणि दुरुस्त करायच्या, हे आमचे नेहमीचे काम. या वेळची तीन पत्रे त्याबद्दलच आहेत, प्रत्येक पत्राखाली माझे उत्तर.

दिवाळ्याला आमचे घर खाडीच्या अंगाला आहे. मागे चार खांबांवर एक टनाची लिफ्ट बसवली आहे. होडी फायबरची, १६ फुटी. जुलैत रात्रभर पाऊस लागला आणि सकाळी बघतो तर मागची एक वायर तुटून होडी एका अंगावर लोंबकळत होती. तिला दोर मारून तशीच धरली आहे. बसवून देणारे म्हणतात, मोटर कमी पडते, मोठी घ्या. घेऊ का?

दादा, मोटरवर पैसे घालू नका. होडी वर होती तेव्हा मोटर बंदच होती. वायर तुटली ती वजनाने, आणि ते वजन पावसाचे.

हिशेब करून बघा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एक किलो. तुमच्या होडीचे उघडे तोंड सहा चौरस मीटर धरू. रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस आपल्याकडे जुलैत नवा नाही. झाले ६०० किलो! होडी, मशीन, पेट्रोल, जाळी मिळून साडेचारशे-पाचशे किलो. टन पार. शिवाय पाणी मागे मशीनकडे जमा होते, त्यामुळे मागच्या दोन वायरींनाच बहुतेक भार सोसावा लागतो. तुटलीही मागचीच.

म्हणून होडी वर चढली की तळाचे बूच काढायचे आणि नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, जरा उंच ठेवायची. बूच दोरीने बटणपेटीला बांधून ठेवा, म्हणजे होडी पाण्यात सोडण्याआधी ते हाताला लागेलच. नुसती ताडपत्री पुरत नाही, तिला मधोमध आडवा बांबू देऊन उतार करावा लागतो, नाहीतर तिच्यातच तळे साचते.

आता आधी होडी उतरवायची. कुणालाही तिच्याखाली किंवा तिच्यात जाऊ देऊ नका, घरातल्या पोरांना तर धक्क्यावरही नको. पाणी धक्क्यावरून पाइप टाकून हातपंपाने काढा. मग उधाणाची भरती गाठा. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत पाणी सर्वांत जास्त चढते. होडी तरंगू लागली की वायरींवरचा ताण जातो आणि पट्टे सोडता येतात. पाणी तेवढे पोचत नसेल तर वरच्या गर्डरला चेन ब्लॉक (साखळीने ओझे वर-खाली करायची कप्पी) लावून उतरवावी लागेल, आणि ते जाणकारालाच करू द्या.

तुटलेला तुकडा फेकू नका. तो वायरचे टोक दुमडून आवळणाऱ्या क्लॅम्पपाशी तुटला, पुलीवर, की होडी बसते त्या पाळण्याजवळ, यावरून कारण कळते. खालचा भाग वरचेवर खाऱ्या पाण्यात भिजतो आणि सुकतो, म्हणून बहुधा तिथेच आतून गंज धरतो. स्टेनलेस, अगदी ३१६ ग्रेडची वायर असली तरी क्लॅम्पच्या आत हवा न लागणाऱ्या जागी ती खाल्ली जाते, वरून मात्र चकचकीत दिसते. क्लॅम्प सोडून बघितल्याशिवाय कुणावर विश्वास ठेवू नका.

वायरी चारही बदला. एक नवी आणि तीन जुन्या ठेवल्या तर ताण सारखा वाटला जात नाही. जाड वायर घालायचा मोह टाळा: पुलीचा व्यास वायरच्या निदान १८ पट हवा, छोट्या पुलीवर जाड वायर वळली की आतल्या तारा मोडू लागतात. क्लॅम्प तीन तरी हवेत, तिन्ही एकाच बाजूने. यू-बोल्ट वायरच्या मोकळ्या शेपटावर, खोबणीचा तुकडा भार घेणाऱ्या वायरवर. उलटे बसवलेले क्लॅम्प इतके दिसतात की मला राग येतो, कारण यू-बोल्ट भाराच्या वायरलाच चेपतो. पहिल्यांदा भार दिल्यावर नट पुन्हा आवळा. पुढे गोड्या पाण्याने धुऊन वायरचे ग्रीस लावत राहा, आणि जाडी दहा टक्के घटली की वायर काढून टाका.

कोलशेतला खाडीजवळ बंगला आहे. कांदळवनाच्या कडेला चार खांब ठोकून लिफ्ट बसवायची आहे. किती खर्च येईल?

ताई, खर्चाआधी परवानगीचे बघा. भरती-ओहोटीच्या रेषांमधली जमीन आणि कांदळवन, दोन्ही २०१९च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत पहिल्या, म्हणजे सर्वांत जपायच्या वर्गात येतात. महाराष्ट्र किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या मंजुरीशिवाय तिथे खांब ठोकायचे काम मी घेत नाही, आणि घेणाऱ्याला तुम्ही देऊ नका. कांदळाची मुळेच तुमचा काठ धरून आहेत, ती गेली तर काठ ढासळायला लागतो. होडी छोटी असेल तर ट्रेलर घ्या, अंगणात ठेवा आणि सार्वजनिक जेट्टीवरून सोडा.

वाशी गावातल्या आमच्या लिफ्टचे बटण दाबताना हाताला झिणझिण्या येतात. ओलाव्यामुळे असेल का?

हे वाचत असाल तिथूनच उठा आणि मेन बंद करा. ओल्या धक्क्यावर उभ्या माणसाला हा करंट मारू शकतो. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा, आणि पेटी उधाणाच्या पाण्यापेक्षा बरीच वर, पाणी न शिरणारी घ्या. तोवर हँड विंचने, म्हणजे हँडल फिरवून वायर गुंडाळायच्या रहाटाने, काम चालवा, पण ब्रेक असलेलाच घ्या. ट्रेलरवर होडी ओढायच्या साध्या विंचला तो नसतो, आणि भाराखाली हँडल सुटले की मनगट मोडते.