'ॲनॉमी'ला 'अराजक' म्हणावं का?

प्रश्न असा आहे : माणसं गुन्हे का करतात याच्या सिद्धांतांवरचा एक लेख मराठीत आणताना 'ॲनॉमी' (समाजाच्या रीतिनियमांची पकड सैल होणं) हा शब्द सारखा आडवा येतो. त्याला 'अराजक' म्हणावं, 'नियमशून्यता' की 'प्रमाणकशून्यता' ('प्रमाणक' म्हणजे 'नॉर्म', वागण्याचा समाजमान्य नियम)?

'अराजक' नको. तो शब्द आधीच 'ॲनार्की'च्या कामाला लागलेला आहे, आणि जोडी अगदी चपखल आहे : ग्रीकमध्ये 'शासक नसलेलं', संस्कृतात 'राजा नसलेलं'. 'ॲनॉमी'तला नकार तोच, पण पुढचं पद 'नोमोस', म्हणजे रूढी, रीत, कायदा. इथे राजा जागेवर असतो, पोलीस असतात, कोर्टं चालू असतात. सैल झालेला असतो तो रीतीचा लोकांवरचा धाक.

खरी अडचण पुढे आहे. गुन्हेगारीच्या अभ्यासात हा शब्द दोन अर्थांनी येतो, आणि 'शून्यता' लावलेला कुठलाही शब्द त्यातल्या एका अर्थाला तरी दगा देतो.

पहिला अर्थ फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील द्यूरकेम यांचा. १८९३ मध्ये श्रमविभागणीवर लिहिताना आणि १८९७ मध्ये आत्महत्येवरच्या ग्रंथात त्यांनी तो मांडला. १८७३ च्या व्हिएन्नातल्या आर्थिक कोसळीनंतर आत्महत्या वाढल्या, यात नवल वाटत नाही. पण १८७० नंतर इटलीत उद्योग आणि मजुरी वाढत असतानाही त्या वाढल्या, याकडे त्यांनी बोट दाखवलं. म्हणजे घाव गरिबीचा नव्हे. परिस्थिती झपाट्यानं पालटली की कुणी किती हाव धरावी याची समाजानं घातलेली मर्यादा उरत नाही, आणि इच्छा अमर्याद होतात. यासाठी मराठीत एक अस्सल शब्द आहे : 'धरबंध'. 'खर्चाला धरबंध नाही', 'बोलण्याला धरबंध राहिला नाही' असं आपण म्हणतोच. द्यूरकेम यांची ॲनॉमी म्हणजे इच्छांना समाजाचा धरबंध न उरणं. पारिभाषिक शब्दच हवा असेल तर 'प्रमाणकशैथिल्य' घ्यावा. प्रमाणकं सैल पडलेली असतात, नाहीशी झालेली नसतात.

दुसरा अर्थ अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांचा, १९३८ च्या निबंधातला. इथे तर 'शून्यता' उघड चूक ठरते. मर्टन यांच्या अमेरिकेत 'श्रीमंत हो' हा आदेश सर्वांना आहे आणि तो जबरदस्त आहे. तिथवर नेणाऱ्या वैध वाटा मात्र सर्वांना सारख्या खुल्या नाहीत. ध्येयावर भर फार आणि मार्गांवर कमी, त्यामुळे मार्गांची बंधनं ढासळतात. म्हणून इथे मी 'साध्य-साधनांची फारकत' असं लिहीन. गांधीविचारामुळे साध्य-साधन ही जोडी आणि 'साधनशुचिता' हा शब्द मराठी वाचकाच्या ओळखीचे आहेत, त्याचा फायदा घ्यावा. 'गरिबीमुळे गुन्हे होतात' असा सारांश मात्र काढू नये. नुसती गरिबी पुरत नाही, असं मर्टन यांनी स्पष्ट म्हटलं आहे. तिला सर्वांवर लादलेल्या सारख्या ध्येयाची आणि बंद वाटांची जोड लागते.

अशा स्थितीत माणसं कशी वागतात याचे मर्टन यांनी पाच प्रतिसाद सांगितले आहेत. त्यांपैकी एकाचं भाषांतर हटकून फसतं. ध्येय मान्य, मार्ग अमान्य, अशा प्रतिसादाला मूळ शब्द 'इनोव्हेशन' आहे. कोशात बघून 'नवनिर्मिती' लिहिलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे उद्योजक येतो. मर्टन यांनी नाव घेतलं आहे शिकागोच्या कुख्यात गुंडाचं, अल कपोनचं! 'आडमार्ग' म्हणावं. ध्येय सोडून नियमच कवटाळणाऱ्याला 'कर्मकांड' छान बसतं. दोन्ही सोडणाऱ्याला 'निवृत्ती' नको, त्यातून पेन्शन किंवा संन्यास डोकावतो, 'पलायन' बरं. उरलेले 'अनुसरण' आणि 'बंड' सरळ आहेत.

याच परंपरेला 'स्ट्रेन' सिद्धांत म्हणतात. 'ताण' म्हटलं की हल्ली फक्त मानसिक टेन्शन ऐकू येतं. गुन्हेशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲग्न्यू यांच्या १९९२ च्या मांडणीला ते चालतं, कारण तिथे राग आणि वैफल्य यांनाच महत्त्व आहे. मर्टन यांच्यासाठी 'ओढाताण' जास्त नेमका : दोन टोकांकडून होणारी खेच त्यात आहे, आणि 'पैशांची ओढाताण' हा रोजचा प्रयोगही.

आणखी एक जपावं. 'स्वैराचार', 'बेतालपणा', 'विधिनिषेध न बाळगणं' हे शब्द माणसाला दोष देतात, तर ॲनॉमी ही समाजाची स्थिती आहे. 'तो ॲनॉमिक आहे' याऐवजी 'त्या समाजात ॲनॉमी आहे' हेच बरोबर. व्यक्तीच्या मनातल्या तुटलेपणासाठी समाजशास्त्रज्ञ लिओ स्रोल यांनी १९५६ मध्ये 'ॲनॉमिया' हे वेगळं रूप वापरलं. त्याला 'परात्मता' म्हणू नये, तो शब्द मार्क्सच्या 'एलियनेशन'साठी, म्हणजे माणूस स्वतःच्या श्रमाला परका होण्यासाठी, रुळला आहे.

तुमच्या लेखात दोघेही येत असतील तर 'ॲनॉमी' हाच शब्द स्त्रीलिंगी ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाला फोड द्यावी : 'द्यूरकेम यांची ॲनॉमी, म्हणजे प्रमाणकशैथिल्य', 'मर्टन यांची ॲनॉमी, म्हणजे साध्य-साधनांची फारकत'.