आईसाठी डोक्याला करंट देणारं यंत्र ऑनलाइन मागवू का? हा शॉकच असतो का?

तुम्ही लिहिलंय की बाबा गेल्यापासून आईचं मन कशातच लागत नाही, पहाटे तीनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. मी स्वतः ही ट्रीटमेंट घेतली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

हा शॉक नाही. शॉकमध्ये (ईसीटी) भूल देऊन मुद्दाम फिट आणतात, करंट साधारण 800 मिलिअँपिअरचा. तुम्ही विचारलेल्या यंत्राच्या उपचारात, म्हणजे टीडीसीएसमध्ये, तो फक्त 2 मिलिअँपिअर असतो आणि माणूस पूर्ण जागा असतो. मेंदूच्या पेशींना कामाला लागणं जरा सोपं होतं, एवढंच.

माझ्या गोळ्या चालूच होत्या. रविवार सोडून रोज अर्धा तास, तीन आठवडे. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज रबरी पट्ट्याने कपाळावर बांधायचे. सुरुवातीला मुंग्या चावल्यासारखं व्हायचं, मग शांत. पाण्याचा एक ओघळ हमखास कानामागे जायचा. पट्टा काढला की कपाळावर लाल चौकोन दिसायचा, रिक्षात मी तो ओढणीने झाकायचे. दुसरा आठवडा संपताना एका सकाळी मी कुणी न सांगता उठून चहा टाकला, ते माझ्या आईच्याच लक्षात आलं.

हे गोळ्यांनी झालं की करंटने, मला सांगता येणार नाही. अभ्यासांतही चित्र असंच आहे. 2017 मध्ये ब्राझीलच्या चाचणीत टीडीसीएस हे उदासीवरच्या (डिप्रेशनवरच्या) एस्सिटालोप्राम या गोळीच्या तोडीचं ठरलं नाही. 2023 मध्ये जर्मनीत गोळ्या घेणाऱ्या सुमारे दीडशे रुग्णांमध्ये खऱ्या आणि खोट्या (नुसतं नावाला लावलेल्या) यंत्रात फरकच दिसला नाही. 2024 मध्ये मात्र घरी वापरायच्या यंत्राने दहा आठवड्यांत 45 टक्के लोक उदासीतून बाहेर आले, खोट्या यंत्रावर 22 टक्के. म्हणजे खोट्या यंत्रावरही पाचातला एक बरा झाला! त्यात नुसतं वेळेवर बसण्याचा आणि कुणीतरी विचारपूस करण्याचाही वाटा असू शकतो. आईजवळ बसत जा, हे मी म्हणूनच सांगतेय.

झोपेसाठी कानाच्या पाळीला चिमटे लावायचं यंत्र वेगळं. अमेरिकेच्या एफडीएने 2019 मध्ये चिंता आणि निद्रानाशासाठी त्याचे नियम सैल केले, उदासीसाठी कडकच ठेवले. मला झोप दिली ती साध्या शिस्तीने: रात्र कशीही जावो, उठायचं सहालाच, आणि झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही.

यंत्र परस्पर मागवू नका, मनापासून सांगते. स्पंज कोरडा पडला तर कातडी भाजू शकते. डोक्याच्या आत ऑपरेशनने बसवलेली धातूची पट्टी किंवा क्लिप असेल, पूर्वी फिट आली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. बायपोलर (कधी उदासी, कधी अति उत्साह असा आजार) असेल तर मन उलट्या टोकाला जाऊ शकतं. आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, थायरॉइड आणि बी-12 तपासून घ्या. पहाटेची ती जाग उदासीचंच लक्षण असू शकते.

आणि आई कधी "आता जगून काय करू" असं म्हणाली तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्याच क्षणी 14416 लावा. टेलिमानस, सरकारी आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात.